सोसायटीच्या सभेत जातीवरून बोलले, पोलिसांनी एनसी लिहून घेतली: पुढे काय करायचं?

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची हकिकत आधी थोडक्यात मांडते. मुलुंडला एका पुनर्विकसित इमारतीत तुम्ही रीसेलचा फ्लॅट घेतलात. पार्किंगवरून कुरबुर चालू होती. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडून सर्वसाधारण सभा भरली होती, तेव्हा समितीतला एक सदस्य सगळ्यांसमोर उभा राहून तुमच्या यजमानांना जातीवरून बोलला. त्याच रात्री तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात. तिथे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत) लिहून कागद हातात दिला आणि 'एकाच बिल्डिंगमध्ये राहायचंय, मिटवून टाका' म्हणून परत पाठवलं. आता समोरचे म्हणतायत, तुम्ही केस केली तर आम्ही खंडणीची करू. तुम्ही विचारलंय, ॲट्रॉसिटी लागते का, आणि लागली तरी तिचा उपयोग होतो का.

कायदा तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे. पण तो कागदावरून केसमध्ये उतरतो तो तुमच्या पहिल्या जबाबातून. मुंबईच्या सत्र न्यायालयात मी बरीच वर्षं पीडितांच्या बाजूने काम करते आहे. खरी घटना, खरे साक्षीदार आणि तरीही निर्दोष सुटलेले आरोपी, अशा फायली मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच फायलींत दोष पहिल्या दोन पानांतच सापडतो. म्हणून या उत्तरात त्या दोन पानांवरच जास्त बोलणार आहे.

आधी कायदा तुम्हाला लागू होतो का ते पाहू. ज्याला सगळे ॲट्रॉसिटी म्हणतात तो अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा आहे. पीडित अनुसूचित जाती-जमातीतला आणि आरोपी या दोन्हींच्या बाहेरचा असला तरच तो लागतो. तुम्ही बौद्ध असल्याचं लिहिलंय. १९९० च्या दुरुस्तीपासून धर्मांतरित बौद्ध अनुसूचित जातीत धरले जातात, त्यामुळे अडचण नाही. फक्त यजमानांच्या दाखल्यावर मूळ जात काय लिहिली आहे ते बघून ठेवा. दाखला गावी राहिला असेल तरी गुन्हा नोंदवायचा थांबत नाही, तो तपासात देता येतो. मुंबईत आणखी एक प्रश्न नेहमी येतो. माणूस उत्तर प्रदेशातला किंवा कर्नाटकातला, तिथे अनुसूचित जातीत, पण महाराष्ट्राच्या यादीत त्याची जात नाही. अशा माणसालाही या कायद्याचं संरक्षण इथे मिळतं, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निर्णय आहे. कोणी 'तुमचं सर्टिफिकेट युपीचं आहे' म्हणून परत पाठवत असेल तर त्याला हे सांगा.

आरोपीच्या जातीचाही जबाबात उल्लेख हवा. 'आरोपी अनुसूचित जाती किंवा जमातीचा नाही' हे एक वाक्य राहून गेलं तर बचावाचे वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतात. तुमची जात आपल्याला माहीतच नव्हती, असंही तो म्हणेल. त्यावर २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्ये उत्तर दिलंय. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. उलटं सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं. त्यामुळे तो कधीपासून ओळखतो, तुमच्याकडे १४ एप्रिलला कधी आला होता का, तुमच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो त्याने पाहिला होता का, हे सगळं जबाबात यायला हवं.

आता शब्दांकडे येते. तुमच्या एनसीत पोलिसांनी 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढंच लिहिलंय. ठाणे अंमलदार बहुतेक वेळा असंच लिहितात, कारण ते लवकर होतं. तेवढं पुरत नाही. तो नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, जातीच्या नावासकट. लिहिताना हात अडखळतो, बायकांना तर ते शब्द परपुरुषासमोर उच्चारणंही नको वाटतं, हे मी जाणते. तरी लिहा. २०२३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने फिर्यादीत नेमके शब्द नाहीत आणि ते ऐकणारं बाहेरचं कोणी दाखवलेलं नाही, अशा कारणांवरून या कायद्याखालची कारवाई रद्द केली होती.

फरक कळावा म्हणून दोन वाक्यं लिहून दाखवते. पहिलं: 'सभेत आरोपीने माझा जातीवरून अपमान केला.' दुसरं: 'रात्री साडेआठच्या सुमारास, बी विंगच्या स्टिल्टमध्ये सभा चालू असताना, मी पार्किंगच्या ठरावावर बोलायला उभा राहिलो. तेव्हा आरोपी माझ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाला, "तुम्ही अमुक लोक, तुम्हाला इथे घर घेऊ दिलं हीच चूक झाली, तुमची जागा नाल्यापलीकडे." त्या वेळी माझ्या उजव्या हाताला ४०२ मधले गृहस्थ आणि मागे वॉचमन उभे होते, त्यांनी हे ऐकलं.' 'अमुक' म्हटलंय तिथे त्याने घेतलेलं जातीचं नाव जसंच्या तसं घाला. दुसऱ्या वाक्यात वेळ, जागा, शब्द, हेतू आणि ऐकणारा, सगळं आलं. कलम ३(१)(आर) म्हणजे अपमानाच्या हेतूने केलेला जाणीवपूर्वक अवमान आणि ३(१)(एस) म्हणजे जातीच्या नावाने शिवीगाळ. दोन्ही तिथे उभी राहतात.

दोन्ही कलमांत एक अट आहे. कृत्य सार्वजनिक दृष्टीत येईल अशा ठिकाणी व्हायला हवं. जागा सार्वजनिक मालकीची असलीच पाहिजे असं नाही, बाहेरच्या लोकांना ते दिसलं-ऐकू आलं पाहिजे. २००८ च्या स्वरन सिंग प्रकरणात एका ड्रायव्हरला घराच्या गेटजवळ गाडीपाशी उभा असताना शिव्या दिल्या गेल्या. जागा खासगी होती, तरी गेटजवळची म्हणून ती सार्वजनिक दृष्टीतली धरली गेली. याउलट २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान या कलमांत बसत नाही असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याच्या चेंबरमधल्या प्रसंगाबाबतही न्यायालयाने तसंच म्हटलं. ऐकणारे फक्त तुमचे नातेवाईक आणि मित्र असतील तर केस कच्ची पडते. म्हणून तुमच्याकडची स्टिल्टमधली सभा ही जमेची बाजू आहे. सभेला वेगवेगळ्या घरांतले, तुमच्याशी नातं नसलेले सभासद असतात. हाच माणूस सोसायटीच्या ऑफिसात दार लावून फक्त तुमच्या यजमानांना तेच बोलला असता, तर मी तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं. व्हॉट्सॲपचंही साधारण असंच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं आणि एकट्याला पाठवलेलं यांत न्यायालयं फरक करतात.

आता समोरच्यांचा सगळ्यात धारदार युक्तिवाद. ते म्हणणार, 'वाद पार्किंगचा होता, जातीचा नव्हता.' हितेश वर्मा निकालातला मालमत्तेच्या वादाचा भाग ते वाचून दाखवतील, आणि काही प्रकरणांत तो चालतोही. यातला फरक समजून घ्या. पार्किंगवरून भांडण होऊ शकतं आणि त्या भांडणात समोरचा तुमच्या जातीवर जाऊ शकतो. एक घडलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. मात्र जबाबाची पहिली दोन पानं पार्किंगच्या इतिहासाने, जुन्या पत्रांनी आणि मेंटेनन्सच्या थकबाकीने भरली आणि जातीचा अपमान शेवटच्या ओळीत आला, तर वाचणाऱ्या न्यायाधीशालाही वाद पार्किंगचाच वाटणार. प्रसंग आधी, पार्श्वभूमी नंतर आणि थोडक्यात. पार्किंगचं भांडण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे वेगळ्या अर्जाने न्या.

जातीचा हेतू शाबीत करणं किती अवघड असतं हे महाराष्ट्राने खैरलांजीत पाहिलंय. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. शिक्षा झाल्या, पण खुनाच्या कलमांखाली. ॲट्रॉसिटीचा कायदा न्यायालयाने लागू धरला नाही. मी तरुण वकिलांना नेहमी सांगते की तो निकाल एकदा बसून वाचा. जे सगळ्या गावाला ठाऊक असतं ते कागदावर यावं लागतं, नाहीतर न्यायालयापुरतं ते घडलेलंच नसतं.

आता पोलीस ठाणं. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, त्यामुळे एनसी हा त्याचा मार्गच नाही. कलम १८ अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे कलम कसं आलं तेही माहीत असू द्या. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आधी चौकशी करा, अटकेआधी परवानगी घ्या, अशा अटी घातल्या होत्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीखही २० मार्च, त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच ते फार लागलं. २ एप्रिलला देशभर बंद झाला, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि २०२० मध्ये ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयानेच वैध ठरवली. तेव्हा 'आधी चौकशी करतो, मग बघू' हे उत्तर आज कायद्यात बसत नाही.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे 'एसीपी साहेब नाहीत, उद्या या'. या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, मुंबईत तो सहाय्यक पोलीस आयुक्तांकडे जातो, हे खरं. पण ही अट तपासाला आहे, नोंदणीला नाही. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने एफआयआर घ्यायचाच असतो. कलम ४ प्रमाणे तोंडी सांगितलेलं लिहून घेणं, सही घेण्याआधी ते वाचून दाखवणं आणि प्रत मोफत देणं ही त्याची कर्तव्यं आहेत. ती मुद्दाम टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. त्याच्यावर कारवाईला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून टेबलावर हात आपटून हे कलम ऐकवण्यात अर्थ नाही. अर्जात शांतपणे नमूद केलेलं पुरतं.

तुम्ही असं करा. यजमानांच्या नावाने, कारण अपमान त्यांचा झालाय, सविस्तर लेखी तक्रार तयार करा. एनसीचा क्रमांक आणि तारीख त्यात घाला. त्या रात्री तुम्ही लगेच ठाण्यात गेला होतात याचा तो कागदच पुरावा आहे, उशिराचा आरोप त्याने कोसळतो. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. घेत नसतील तर तीच तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना (डीसीपी) स्पीड पोस्टने पाठवा. तेवढ्यानेही हललं नाही तर न्यायालयात अर्ज करता येतो, या कायद्याखालच्या विशेष न्यायालयाला थेट दखल घेण्याचाही अधिकार आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ वर तक्रार नोंदवून ठेवा, राज्याच्या आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगालाही प्रत द्या. आयोग शिक्षा देत नाही, पण तिथून अहवाल मागवला गेला की फाइल हलते.

एक काम मात्र आजच करा. स्टिल्टमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. सोसायटीच्या डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावर) जुनं फूटेज थोड्याच दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं. इथे तर डीव्हीआर समितीच्याच ताब्यात आहे. सेक्रेटरींना लेखी कळवा की अमुक तारखेचं फूटेज जपून ठेवा, पोच घ्या, आणि पोलिसांना देण्याच्या अर्जात ते पंचनामा करून ताब्यात घेण्याची मागणी घाला. आवाज नसला तरी कोण कुठे बसलं होतं, कोण उभं राहिलं, हे दिसतं. कोणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर फॉरवर्ड झालेल्या क्लिपवर भागवू नका, मूळ फोन कोणाचा ते लिहून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते ज्याच्या फोनमध्ये चित्रण झालं त्याच्याकडून घेणं सोयीचं. सभेचं इतिवृत्तही मागा. त्यात हा प्रसंग बहुधा नसेल, पण हजेरीच्या सह्या असतील, आणि आपल्याला त्याच हव्यात.

साक्षीदारांबद्दल मी गोड बोलणार नाही. ज्यांनी ऐकलं ते लिफ्टमध्ये भेटले की 'फार वाईट झालं' म्हणतील आणि जबाबाच्या दिवशी गावी जातील. वॉचमनने ऐकलं असेल, पण त्याचा पगार समिती ठरवते. कोणावर दबाव आणू नका. जो एकजण तयार असेल त्याचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेण्याची मागणी करा, नंतर त्याला फिरणं सोपं राहत नाही. साक्षीदाराला संरक्षण आणि न्यायालयात येण्याचा प्रवासखर्च मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. त्याला ती सांगा, बहुतेकांना माहीतच नसते.

गुन्हा नोंदला की लोक दुसऱ्या सकाळी अटकेची वाट बघतात. या कलमांना सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस बऱ्याचदा अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देतात. अटक झाली नाही म्हणजे केस मेली असं समजू नका. कलम १८ प्रमाणे आरोपीला अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद आहे. पण सकृत्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकतं, आणि सकृत्दर्शनी काय दिसतं हे पुन्हा त्या पहिल्या जबाबावरच ठरतं.

कलम १५ अ तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. एरवी फौजदारी खटल्यात फिर्यादी साक्षीपुरता असतो. इथे जामीन, दोषमुक्ती, शिक्षा, कुठल्याही टप्प्यावर पीडिताला आधी कळवणं आणि त्याचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. हरिराम भांभी प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. प्रत्यक्षात ठाण्यातून आदल्या संध्याकाळी फोन येतो, 'उद्या कोर्टात या'. जा. रजा टाकून जा. तुमचा वकील तिथे उभा असण्याने फरक पडतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

अर्थसाहाय्याचं तुम्ही विचारलं नाही, बहुधा संकोचाने. तो हक्क आहे, संकोच नको. नियमांप्रमाणे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाखांपर्यंत रक्कम असते, तुमच्या कलमांना एक लाख. ती एकदम मिळत नाही. एफआयआर, आरोपपत्र आणि शिक्षा अशा टप्प्यांनी येते. उपनगर जिल्ह्यासाठी समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांचं कार्यालय चेंबूरला आहे. जातीचा दाखला, एफआयआर आणि बँकेचा तपशील घेऊन तिथे स्वतः जा.

खंडणीच्या धमकीला घाबरू नका, पण तिला निमित्तही देऊ नका. समितीतल्या कोणाशीही पैशाबद्दल, भरपाईबद्दल, 'एवढं द्या मग मागे घेतो' अशा स्वरूपाचं एक वाक्यही बोलू नका, गमतीतही नाही. मध्यस्थ म्हणून येणाऱ्या काकांशीही नाही. धमकीचा मेसेज आला असेल तर तो जपून ठेवा, तक्रारीत घाला. फिर्यादीने 'मागे घेतो' म्हटलं तरी या कायद्याखालचा गुन्हा तसा मिटत नाही. तडजोडीने रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि पीडितावर दबाव होता का हे तिथे तपासलं जातं. त्याने सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली तर काय, हा निर्णय पूर्णपणे तुमचा. काहींना तेवढंच हवं असतं. मी कोणालाही त्यावरून कमी लेखत नाही.

शेवटी, तुमच्यासारख्याच पण या कायद्यात न बसणाऱ्या वाचकांसाठी. भटक्या-विमुक्तांतल्या ज्या जमाती महाराष्ट्रात अनुसूचित यादीत नाहीत, त्यांना ॲट्रॉसिटी लागत नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला जातीमुळे घर घेऊ किंवा राहू दिलं जात नसेल, मुंबईत हे किती चालतं हे सांगायला नको, तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ वाचा. त्यातली शिक्षा लहान आहे, पण कलम १२ मोठं आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तुमच्या प्रकरणात 'इथे घर घेऊ दिलं हीच चूक' अशा अर्थाचं काही बोललं गेलं असेल, तर या कायद्याचा उल्लेखही तक्रारीत करून ठेवा.

मसुदा तयार झाला की नावं झाकून इथे टाका, मी वाचून सांगते. पण त्यासाठी थांबू नका. फूटेजचं पत्र आधी देऊन या.